सांगलीत बनलेला कर्नल

बाई, आज सकाळी कुपवाडला आमच्या वर्कशॉपमध्ये एक मुलगी उघडा लॅपटॉप हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. साखर कारखान्यातल्या एका छोट्या यंत्रासाठी आम्ही आमच्यापुरता कर्नल बांधतो आहोत, ते काम तिच्याकडे आहे. म्हणाली, मॅडम, यातल्या निम्म्या फाइली कशासाठी आहेत तेच कळत नाही, काढून टाकू का? काय करायचं ते मी तिला नीट सांगितलं, पण सांगताना मला हसू आवरेना, आणि आपलं काय चुकलं अशा चेहऱ्याने ती बिचारी परत गेली. मी का हसले हे तिला सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिला काम संपवून स्कूटीवरून मिरजेला जायची घाई होती. मला हल्ली कुठे जायची घाई नसते. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला यातलं बहुतेक सगळं माहीत आहे, पण मला लिहायला आवडतंय.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी बी.एस्सी. होऊन आष्ट्याला घरी बसले होते आणि आबा माझ्यासाठी स्थळं बघत होते. तेवढ्यात तुमचा निरोप आला. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने आपल्याकडचा जुना झालेला कॉम्प्युटर सांगलीच्या आपल्या कॉलेजला देऊन टाकला होता, आणि तो कुणी सांभाळायचा यावर सगळे प्राध्यापक एकमेकांकडे बघत असताना तुम्ही हात वर केला होता. गणिताच्या बाईंना यंत्रातलं काय कळणार, असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, काहीच नाही, म्हणून तर घेते. मदतीला कोण हवं असं विचारल्यावर तुम्ही माझं नाव सांगितलंत. तुमच्या तासाला मी इतके प्रश्न विचारायचे की बाकीचा वर्ग वैतागायचा, हीच माझी पात्रता. नोकरी तात्पुरती होती. आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, हुकूम द्यायचा तो मुदतीसकट. दिवाळीपर्यंत जा, म्हणाले, मग लग्नाचं बघू.

मी पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या खोलीत आले तेव्हा बाहेर सांगलीचं ऊन भाजत होतं आणि आत दात वाजत होते. यंत्राला गारवा लागतो म्हणून कॉलेजने भलंमोठं एअरकंडिशनर बसवलं होतं; ते एकतर पूर्ण चालू असायचं नाहीतर पूर्ण बंद. कपाटाएवढं यंत्र, त्याच्या तोंडावर दिव्यांची आणि खटक्यांची रांग, शेजारी डिस्कचं पेटाड, आणि धाडधाड आवाज करत कागदावर उमटणारा टेलीटाइप. तुम्ही पदर डोक्यावरून घेऊन, वर शाल लपेटून टेलीटाइपसमोर बसला होतात. दोनच आठवडे गेले असतील, तुम्ही माझ्या हातात एक पुडकं दिलंत. आत मरून रंगाचा स्वेटर, तुम्ही स्वतः विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा थोडी लांब. वैशाखात स्वेटर! शनिवारी तो घडी करून मांडीवर घेतला आणि आष्ट्याच्या एसटीत बसले, तर कंडक्टर म्हणाला, महाबळेश्वरास्नं आलायसा काय? घरी आईने तो उलटासुलटा करून पाहिला, टाके मोजल्यासारखे केले आणि बाई सुगरण नाहीत पण मायाळू दिसतात, असा निकाल दिला.

आता अडचण काय होती ते लिहिते. यंत्राच्या मेमरीत जो प्रोग्रॅम कायम ठाण मांडून असतो, बाकीच्यांना जागा आणि पाळी देतो, डिस्कशी आणि टेलीटाइपशी बोलतो, त्याचा गाभा म्हणजे कर्नल. आपल्या यंत्राबरोबर आलेला कर्नल मोठ्या यंत्रासाठी लिहिलेला होता. आपली मेमरी मुळात थोडी, त्यातली निम्म्याहून जास्त तोच खाऊन बसायचा. आणि शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सिव्हिलच्या सरांनी तर कृष्णेच्या पुराचा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. वर धरणातून पाणी सोडलं की आयर्विन पुलाशी ते केव्हा पोचेल आणि किती चढेल, याचं गणित. तो प्रोग्रॅम उरलेल्या जागेत मावत नव्हता. प्रिन्सिपॉलांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की यंत्राचा उपयोग होत नसेल तर पुण्याचं एक कॉलेज ते न्यायला तयार आहे. सत्र संपेपर्यंत बघा. यंत्र गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि आष्ट्याला मांडव तयारच होता. तुम्ही परत येऊन शाल खुंटीला लावलीत आणि म्हणालात, "हा सदरा परक्याच्या मापाचा आहे. उसवू आणि आपल्या मापाचा शिवू."

उसवायला घेतला तेव्हा कळलं की शिवण कुठे आहे हेच दिसत नाही. कर्नल एका फाइलीत नव्हता, शेकडाभर बारक्या फाइलींत होता. त्यांची नावं तीन-चार अक्षरांची, ज्यांनी लिहिली ते कुठल्या तरी दूरच्या देशात, आणि मुंबईहून आलेल्या माहितीपुस्तकांत यंत्र पुसायचं कसं हे होतं, पण ह्या फाइली कशासाठी ते नव्हतं. आपण सगळ्या फाइली टेलीटाइपवर छापून काढल्या. छापून होईस्तोवर माझे कान बधिर झाले. मग ते कागदाचे गठ्ठे तुम्ही तुमच्या विश्रामबागच्या दोन खोल्यांत नेलेत, कारण खोलीतल्या थंडीत डोकं चालत नाही असं तुमचं म्हणणं होतं, आणि खरं म्हणजे तुम्हाला भूक लागायची.

ते स्वयंपाकघर मी आत्ताही बघते आहे. ओट्यावर स्टोव्ह फरफरतोय. भिंतीपासून दारापर्यंत छापील कागद पसरलाय, त्याच्या दोन्ही कडांना भोकं. तुम्ही परातीत ज्वारीचं पीठ मळताय आणि मी पाटावर बसून मोठ्याने वाचतेय: या जागेतला आकडा त्या जागेत ने, शून्य असेल तर पुढे जा. तुम्ही भाकरी थापता थापता ऐकता. मध्येच हात थांबतो, "परत वाच." मी परत वाचते. भाकरी तव्यावर पडते, करपते, आणि तुम्ही म्हणता, म्हणजे ही फाइल मॅग्नेटिक टेपची, आपल्याकडे टेपच नाही, काट. मी लाल पेन्सिलीने फुली मारते. मग आपण दोघी करपलेली भाकरी, ठेचा आणि दही खातो, आणि तुम्ही सांगता की अशी मजा तुम्हाला सातारच्या शाळेत असताना भूमितीचं पहिलं प्रमेय कळलं तेव्हा आली होती. कार्डं वाचायच्या यंत्राच्या फाइली गेल्या, दुसऱ्या डिस्कच्या गेल्या. सदरा आखूड होत चालला होता.

एकदा मात्र तुम्ही मला चांगलंच झापलंत. घड्याळाच्या फाइलीत साठ हा आकडा होता. यंत्र विजेच्या प्रत्येक ठोक्याला एक मोजायचं आणि साठ झाले की एक सेकंद धरायचं. तुम्ही विचारलंत, साठच का? मी म्हटलं, असंच असतं. तुम्ही चष्मा काढलात. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हता. "घरात कुणी विचारलं तर खुशाल म्हण. या कामात तो शब्द काढलास तर उद्यापासून येऊ नकोस." मला रडूच आलं. मुक्कामाच्या खोलीवर न जाता मी कॉलेजातच व्हरांड्यात बसून राहिले. समोर पाण्याच्या पंपाची मोटर होती, तिच्यावर पितळी पट्टी, आणि माझं लक्ष नसताना मी ती वाचत होते: व्होल्ट इतके, सायकल्स पन्नास. पन्नास! आपली वीज सेकंदाला पन्नास ठोके देते. ज्यांनी फाइल लिहिली त्यांच्या देशात साठ देत असणार. म्हणूनच आपल्या यंत्राचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडायचं, आणि आपण समजत होतो की म्हातारं झालंय. मी कॉलेजपासून तुमच्या घरापर्यंत साडीचा घोळ हातात धरून पळत आले. दारात मला धाप लागलेली, तोंडातून फक्त पन्नास, पन्नास एवढंच निघतंय. तुम्ही टाळी वाजवलीत, लहान मुलीसारखी. त्या संध्याकाळी तुम्ही मला गणपतीच्या देवळापाशी भडंग खाऊ घातलंत. शब्द मात्र मागे घेतला नाहीत.

त्या शनिवारी घरी आबांनी विचारलं, सांगलीत नेमकं करताय काय? मी सांगितलं, कर्नल बनवतोय. आबांचा घास हातातच राहिला. "आगं, कर्नल बनवायला सरकारला पंचवीस वर्सं लागत्यात," ते म्हणाले. "आमी जल्मभर सॅल्यूट मारलं त्यास्नी. आन् तुमी दोघी बायका सांगलीत बसून बनवताय व्हय?" मी समजावायला गेले तशी गोष्ट आणखीच बिघडली, कर्नल मेमरीत बसतो, सगळ्यांना हुकूम सोडतो, त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे ऐकून आबा म्हणाले, मग तो आमचाच कर्नल की. पुढच्या आठवड्यात गावात पारावर ही बातमी पसरली होती. एका पेन्शनर सुभेदारांनी मला रस्त्यात थांबवून त्यांची जुनी रेजिमेंट मिळेल का अशी चौकशी केली. ते थट्टा करत होते की नव्हते हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि मग ती इडली. त्या फाइलीचं खरं नाव आयडीएल, पण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इडली असं वाचलं आणि तेच चिकटलं. तिच्यात दोनच ओळी होत्या. पहिली म्हणायची, थांब. दुसरी म्हणायची, परत पहिलीकडे जा. बस्स. तुम्ही ती उलटून पालटून बघितलीत. आयडी म्हणजे ओळख, एल म्हणजे लेबल, यंत्राच्या नावाची पाटी लावायला कुणीतरी जागा ठेवलेली असणार आणि पाटी लिहायची राहून गेली असणार, असा तुमचा तर्क झाला. मलाही पटला. दोन ओळींनी जागा काही वाचणार नव्हती, पण जी फाइल काही करत नाही ती ठेवायची नाही हे तुमचं तत्त्व. फुली मारली. फाइली एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रॅमने कुरकुर केली की आयडीएल नावाचं काहीतरी कुठेतरी वापरलंय, ते सापडत नाही. तुम्ही म्हणालात, तिथे शून्य टाक, गप्प बसेल. मी टाकलं. गप्प बसला.

आपला कर्नल पहिल्यांदा चालू झाला तेव्हा टेलीटाइपने तुम्ही ठरवलेलं स्वागत छापलं आणि मी सांगितलेली बेरीज बरोबर करून दिली. आपण एकमेकींचे हात धरले. आणि त्याच क्षणी टेलीटाइप पिसाळला. वाट्टेल ती अक्षरं, घंटीवर घंटी, कागदाचा लोळ जमिनीवर, आणि शेवटी सगळं ठप्प. परत चालू केलं. परत बेरीज बरोबर, परत पिसाळला. मोठं गणित दिलं तर गणित चालू असेपर्यंत अगदी शहाण्यासारखा वागायचा, उत्तर द्यायचा आणि मग डोकं फिरायचं. आपण डिस्क तपासली, तारा हलवून पाहिल्या, काढलेल्या फाइली एकेक करून परत टाकून पाहिल्या. सगळ्या टाकल्या, इडली सोडून, कारण ती तर काही करतच नव्हती. सत्र संपत आलं. पुण्याचे लोक यंत्राची मापं घेऊन गेले. त्यांनी दाराची रुंदीसुद्धा मोजली.

दिवाळीला थोडे दिवस राहिले होते त्या दुपारी आबा मला न्यायला आले. पायताणं बाहेर काढून आत आले, थंडीने शहारले आणि मफलर कानाला गुंडाळून दाराजवळच्या स्टुलावर बसले. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि म्हणालात, तुमची लेक तुमची आहे, न्या, पण एवढी एक तपासणी करू द्या. आबा म्हणाले, "करा की. एसटी संध्याकाळची हाय." मग तुम्ही यंत्राला एकेक पाऊल टाकायला लावणारा खटका खाली ओढलात. एका वेळी एकच सूचना, आणि प्रत्येक वेळी दिव्यांच्या रांगेत दिसतं की यंत्र आता मेमरीतल्या कुठल्या जागी आहे. मी खटका दाबते, तुम्ही दिवे वाचता. आकड्यामागून आकडा. बेरीज झाली. उत्तर छापलं गेलं. यंत्राने पाहिलं, आणखी कुणाचं काम आहे का? नाही. मी खटका दाबला आणि सगळे दिवे विझले.

"गेलं व्हय?" आबांनी विचारलं.

गेलं नव्हतं. सगळे दिवे विझणं म्हणजे यंत्र शून्य क्रमांकाच्या जागी गेलं होतं. तिथे सूचना नव्हत्याच, नुसते पत्ते लिहून ठेवलेले होते, आणि यंत्र त्या पत्त्यांनाच हुकूम समजून पाळत सुटलं होतं. तुम्ही रांगेकडे बघत राहिलात. शून्य, तुम्ही पुटपुटलात. मग माझ्याकडे वळलात. "अगं, हे शून्य मीच टाकायला लावलं." आणि तुम्ही हसायला लागलात. उभ्या होतात तिथेच खाली बसलात, फरशीवर, त्या कागदाच्या लोळात, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आयडीएल म्हणजे आयडल. रिकामं. काही काम नसेल तेव्हा यंत्राने काय करायचं, तर इथे येऊन थांबायचं, कुणी हाक मारेपर्यंत. एवढंच सांगायला ती फाइल होती. आपण त्याची बसायची जागाच काढून घेतली होती. एवढ्या मोठ्या चुकीचा असा आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात माणसं चूक सापडली की कुणाची ते शोधायची. तुम्हाला ती तुमचीच निघाली म्हणून दुप्पट मजा आली.

इडली परत घातली. यंत्र चालू केलं. स्वागत छापलं, बेरीज झाली आणि टेलीटाइप थांबला. खोलीत फक्त एअरकंडिशनरची घरघर. आबा वाकून बघत म्हणाले, बंद पडलं काय? तुम्ही म्हणालात, नाही, वाट बघतोय, एखादं बटण दाबा. आबांनी एका बोटाने, निखाऱ्याला लावावं तसं, एक बटण दाबलं. टेलीटाइपने ते अक्षर छापलं आणि परत गप्प होऊन वाट बघायला लागला. आबांनी मफलर सोडला, ताठ उभे राहिले आणि त्या कपाटाला कडक सॅल्यूट ठोकला. "झाला म्हणायचा कर्नल," ते म्हणाले. तुम्ही फरशीवरून उठत, शाल सावरत, कर्नलच्या वतीने सॅल्यूट परत केलात, चुकीच्या हाताने.

संध्याकाळची एसटी गेली. आबा एकटेच गेले त्या एसटीने. जाताना तुम्हाला म्हणाले, "आवं बाई, पोरीला तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. हितं लय काम दिसतंय." दुसऱ्या दिवशी सिव्हिलच्या सरांचा पुराचा प्रोग्रॅम यंत्रात बसला, वर थोडी जागाही उरली. त्यांनी मागच्या एका पावसाळ्यातले आकडे घातले आणि टेलीटाइपवर पुलाजवळची पातळी उमटत गेली. सरांकडे खऱ्या पाण्याची नोंद होती. दोन्ही आकडे अगदी जुळले नाहीत, पण जवळ आले, आणि सर म्हणाले की नदीही काही आपलं पुस्तक वाचून वाहत नाही. प्रिन्सिपॉलांनी सगळ्यांना चहा दिला. यंत्र सांगलीतच राहिलं, माझी नोकरी पक्की झाली, आणि लग्न मी पुढे चार वर्षांनी माझ्या पसंतीने केलं, तेव्हा अक्षता टाकायला तुम्ही पहिल्या रांगेत होतात.

पुढे बरीच वर्षं मी बंगलोरला होते, तुम्ही निवृत्त होऊन सातारला बहिणीकडे राहायला गेलात. तुम्ही गेल्याचं मला उशिरा कळलं. मी सातारला पोचले तेव्हा महिना उलटला होता. मी रडायची तयारी करूनच आले होते. तुमच्या बहिणीने चहा दिला आणि सांगायला लागल्या, हॉस्पिटलमध्येसुद्धा ही नर्सला विचारायची, सलाईनचे थेंब एवढेच का, कमी का नाहीत, जास्त का नाहीत. त्यांनी तुमचा चष्मा काढायचा आविर्भाव असा हुबेहूब केला की मला हसू फुटलं, मग त्यांनाही. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. उतरती दुपार होती, अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. मी परतीच्या गाडीत बसले आणि लक्षात आलं, रडायचं राहूनच गेलं. ते अजूनही राहिलंय, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

हे एवढं लिहून झाल्यावर उगाच एक पाकीट घेतलं. तुम्हाला पाठवायला आता पत्ता नाही, हे मला कळत नाही असं नाही. पण पत्र आहे तर पाकीट हवं. वर नाव लिहायला गेले आणि पेन थांबलं. तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही, बाई. कॉलेजात तुम्ही नुसती आद्याक्षरं लिहायचात. मधलं नाव वडिलांचं की यजमानांचं, यजमान होते की नव्हते, दोन खोल्यांत तुम्ही एकट्या का राहत होतात, यातलं मी काहीच विचारलं नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तुम्हाला प्रश्न विचारणारी मी, तुमच्याबद्दल एकही विचारला नाही. शेवटी 'बाई, सातारा' एवढंच लिहिलं आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं.